पटावरची विजयमाला

१९७३ च्या जूनमध्ये माण तालुक्यातल्या एका उजाड गावातून एक मुलगी सांगलीला कॉलेजात निघाली. गावातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच, त्यामुळे एसटीच्या थांब्यावर निम्मं गाव गोळा झालं होतं. तिच्या पत्र्याच्या पेटीवर रंगाऱ्यानं पिवळ्या रंगात नाव घातलं होतं, कु. विजयमाला नाथाजी काटकर. आता खरं सांगायचं तर ही विजयमाला अकरा वर्षांपूर्वी वारली होती. पेटी घेऊन गाडीत चढली ती तिची धाकटी बहीण, दगडाबाई. हे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

त्याचं असं झालं. नाथाजी काटकर मुंबईला गोदीत हमाली करायचा आणि वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचा. बायको राहीबाई गावात चार शेळ्या आणि पावसाच्या भरवशावरचं रान सांभाळायची. थोरली विजयमाला दिसायला देखणी, बोलायला चुरचुरीत, आईचा जीव की प्राण. तिच्या पाठचा मुलगा पाळण्यातच गेला, म्हणून तिसऱ्या वेळच्या मुलीचं नाव ठेवलं दगडाबाई. चांगल्या नावाचं पोर मरणाच्या डोळ्यांत भरतं, दगड कोण उचलून नेतो, असा आपल्याकडचा जुना समज. तो एका बाजूनं खरा ठरला. विजयमाला सात वर्षांची झाली, जूनमध्ये पहिलीत बसली आणि श्रावणात घटसर्पानं गेली. शेवटचे दोन दिवस तिचा घसा धरला होता, आवाज घोगरा झाला होता, आणि तापात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हजर गुरुजी." दोन महिन्यांच्या शाळेत तेवढंच ती पक्कं शिकली होती.

दिवाळीनंतर शाळेचे जोतीराम गुरुजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "राहीबाई, साहेब तपासणीला यायचं हाईत. पोरीचं नाव आता कमी करावं लागंल."

राहीबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "नाव खोडू नका गुरुजी. खोडलं म्हंजी ती संपली. त्यापरास ही घिऊन जावा."

ही म्हणजे चार वर्षांची दगडी. नाक वाहतंय, हातात भाकरीचा तुकडा. गुरुजींच्या पटावर मुली मोजून चार, त्यातली एक गेली की साहेब कान उपटणार. त्यांनी पटाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि तिचं बोट धरलं. त्या काळी खेड्यापाड्यांत असं चालायचं. गेलेल्या पोराच्या नावावर मागचं पोर शिकून जायचं, आणि आपण काही गैर करतोय असं ना आईबापांना वाटायचं, ना मास्तरांना.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना राहीबाईनं पोरीला बजावलं. "साळंत गुरुजींनी विजयमाला म्हणलं की हजर म्हणायचं. पर घरात न्हाईतर रानात कुणी त्या नावानं हाक मारली, तर गप बसायचं. वळून बघायचं न्हाई."

"का गं आये?"

"दोघी ओ देत्याल."

दगडीला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, पण आईचा आवाज मात्र हाडात जाऊन बसला. पुढं दर मे महिन्यात निकाल लागला की राहीबाई तिला भर दुपारी रानात न्यायची. बांधावरच्या बोरीखाली विजयमालेला पुरलं होतं. तिथं उभं राहून दगडीनं प्रगतिपुस्तकातले मार्क मोठ्यानं वाचायचे. राहीबाई डोक्यावर पदर घेऊन ऐकायची आणि जमिनीकडे बघून म्हणायची, "बघ गं बाळे, पास झालीस." उन्हात चिटपाखरू नसायचं. दगडीला तिथं आपल्या सावलीकडेही बघवायचं नाही, कारण एका वर्षी तिला ती सावली आपल्याहून उंच वाटली होती. घरी आल्यावर आई तिला भाकरी वाढायची, शेळ्या सोडायला सांगायची. शाबास म्हणायची नाही. शाबासकी रानातच वाटून झालेली असायची.

अशा धाकात पोरगी शिकली. नापास झालो तर बोरीखाली काय वाचायचं, ही एकच भीती तिला इयत्तेमागून इयत्ता वर ढकलत गेली. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडून ती मॅट्रिकला बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. त्याही वेळी राहीबाईनं विचारलं ते एवढंच, "तिला किती मार्क पडलं?" गुरुजींनी खटपट करून सांगलीच्या एका मुलींच्या वसतिगृहात तिची सोय लावली, आणि कागदावर अठरा वर्षांची, खरी पंधरा वर्षांची दगडाबाई प्री-डिग्रीच्या वर्गात जाऊन बसली.

खोलीत तिच्या जोडीला गुणमाला होती, कृष्णाकाठच्या एका जैन शेतकऱ्याची मुलगी. घरी ऊस, दारात म्हशी, स्वभावानं मोकळी. सूर्य बुडायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, म्हणून वसतिगृहात जैन मुलींची पंगत लवकर बसायची, आणि सोबत म्हणून गुणमाला दगडीलाही ओढून न्यायची. दाखल्यावरचं वय बघून ती तिला अक्का म्हणायला लागली. वास्तविक गुणमालाच तिच्यापेक्षा वर्षानं मोठी होती. पण बोलायची सोय नव्हती.

गावात ती विजयमाला असायची ती शाळेच्या वेळापुरती. घंटा झाली की दगडी. सांगलीत घंटाच होईना. वर्गात, जिन्यावर, नळावर, जेवणाच्या पाटावर, सगळीकडे विजयमाला. वर्गात ती इतरांसारखं "येस सर" म्हणायची, पण वर्गाबाहेर मागून कुणी हाक मारली की लहानपणची शिकवण आडवी यायची आणि ती वळायची नाही. मुली म्हणायला लागल्या, माणदेशची बया भलतीच शिष्ट दिसते.

आणि अभ्यास होईना. तिला स्वतःलाच नवल वाटलं. पुस्तक समोर धरलं की डोळे ओळीवरून फिरायचे, आत काही शिरायचं नाही. इथं आई नव्हती आणि बोरही नव्हती. मग शिकायचं कुणाच्या भीतीनं? आपल्याला स्वतःला काय शिकायचंय, हे तिला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. ती तासन्‌तास खिडकीत बसून राही. असं बसलं की आपण हळूहळू पुसट होतोय असं तिला वाटायचं, आणि त्यात बरंही वाटायचं. ते बरं वाटणं सगळ्यात वाईट होतं.

भाद्रपदात एक दिवस ती वाचनालयातून परतली तर गुणमाला खोलीच्या दारात पांढरीफटक उभी.

"अक्का, तू आत्ता बाहेरनं आलीस?"

"व्हय. का गं?"

"ऊन कलतंय म्हणून जेवाय बोलवायला आल्ते. दार लोटलेलं होतं. विजयमालाअक्का, येतीस काय, म्हणून हाक मारली. आतनं म्हणालीस की, आले."

"म्या?"

"कोण की. आवाज बसलेला वाटला. लई वेळ झाला, येईनास, म्हणून दार ढकललं तर आत कोणच नाही."

दोघी आत गेल्या. खोलीत काही नव्हतं. दगडीच्या खाटेवरची चादर मधोमध जराशी दबली होती, लहान पोर बसून उठल्यासारखी. गुणमालानं हात फिरवून ती सारखी केली आणि त्या दिवशी दोघीही जेवायला गेल्या नाहीत.

दिवाळीची सुटी संपवून परत येताना एसटी विट्याजवळ बंद पडली आणि दगडी एक दिवस उशिरा पोचली. गैरहजेरीची माफी मागायला ती इतिहासाच्या सरांकडे गेली. हे सर जुन्या वळणाचे, हजेरी घेताना नंबर न पुकारता नाव पुकारायचे. त्यांनी हजेरीपट काढला, चष्मा वर केला.

"माफी कशाची? तू होतीस की काल. मागच्या बाकावर होतीस वाटतं, आवाज तिकडून आला. येस सर म्हणायचं सोडून हजर गुरुजी म्हणालीस, सगळा वर्ग हसला. घसा बसलाय का तुझा?"

त्यांनी बोट ठेवलेल्या जागी हजेरीची खूण होती. दगडी बाहेर आली. कुणी मुलीनं थट्टा केली असेल म्हणून तिनं एकेकीला विचारलं, आणि प्रत्येकीनं उलट तिलाच विचारलं, की मग ती तू नव्हतीस तर कोण होतं? हजर गुरुजी हे बहिणीचे तापातले शेवटचे शब्द होते, हे सांगलीत कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सहामाहीत ती तीन विषयांत नापास झाली. निकाल हातात घेऊन ती खाटेवर बसली, आणि तिला रडू आलं नाही हे बघून गुणमालाच घाबरली. तिनं जवळ बसून विचारलं, "अक्का, एवढ्या लांबनं आलीस. तू शिकतीस तरी कुणासाठी?"

तेव्हा दगडीनं सगळं सांगितलं. घटसर्प, गुरुजी, बोर, सगळं. सांगताना तिला उमगत गेलं, की अकरा वर्षं आपण एका पोरीची जागा धरून बसलोय, आणि आता त्या पोरीलाच जागेवर येऊन बसावंसं वाटतंय. गुणमालानं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे तू माझ्याहून धाकटी. अक्का म्हणवून घेतीस होय गं सहा महिने? काय म्हणू आता तुला?"

"दगडी म्हण."

सांगलीत पहिल्यांदाच कुणीतरी तिला त्या नावानं हाक मारली, आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

आपलं खरं नाव लावून घ्यायचं म्हणून दगडी कॉलेजच्या हेडक्लार्कांकडे गेली. माणूस भला होता. विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म जानेवारीत भरायचा होता. "त्यात जे नाव जाईल तेच जन्मभर चिकटेल," ते म्हणाले. "बदलायचं तर आत्ताच. पण आईबापांपैकी एकाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे, की थोरली मुलगी मयत आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "जन्मतारखेला मात्र हात लावू नकोस पोरी, मॅट्रिकचंच लचांड निघेल. आणि नाव बदलतीच आहेस तर चांगलंसं घे. दगडाबाई काय?"

"दगडाबाईच लिहा," ती म्हणाली. जन्मतारीख तेवढी बहिणीची राहिली, आणि पुढं आयुष्यभर सांगली जिल्ह्यात मास्तरकी केलेल्या दगडाबाई बाई सरकारी हिशेबानं तीन वर्षं आधीच म्हाताऱ्या झाल्या. पण ते फार पुढचं. त्या जानेवारीत सगळं एका अंगठ्यावर अडलं होतं. विजयमाला मेली असं राहीबाईनं अकरा वर्षांत एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं.

दगडीनं गावी कार्ड टाकलं, आणि चार दिवसांनी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन राहीबाई सांगलीला उतरली. कशासाठी बोलावलं हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "आदी मला तिचा वर्ग दाव. हजेरी घेत्यात ती ऐकायची हाय."

तिला वर्गाच्या दाराशी व्हरांड्यात बसवून दगडी आत गेली. बाकावर बसताना तिनं मनाशी ठरवलं, आज आपण ओ द्यायची नाही. काय होतंय ते एकदाच होऊन जाऊ दे. इतिहासाच्या सरांनी पट उघडला. नावं पुढं सरकत आली.

"विजयमाला काटकर."

दगडीनं ओठ घट्ट मिटले. शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं. सरांनी मान वर न करता पुन्हा नाव घेतलं.

"हजर गुरुजी."

आवाज मागच्या बाजूनं आला. लहान, घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. साऱ्या मुलींनी एकदम माना वळवल्या. भिंतीकडेचा शेवटचा बाक रिकामा होता. या वेळी कुणी हसलं नाही. सरांची लेखणी पटावर टेकायची तशीच राहिली.

दारात राहीबाई उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडावर असा आनंद होता, की तसा दगडीनं जन्मात पाहिला नव्हता, निदान आपल्याकडे बघताना तरी नव्हता. "ऐकलंस?" ती म्हणाली. "माझी बाय शिकतीया. तुझ्याबिगर बी शिकतीया." मग एखाद्या रोजगाऱ्याला सांगावं तशा सरळ आवाजात तिनं दगडीला सांगितलं, "चल तू आता घरला. तुजं काम झालं. हितनं फुडं तिचं ती बगंल."

दगडीला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. अकरा वर्षांचा राग होता तो, पायापासून चढत आला, आणि त्या रागाबरोबर तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला शिकायचंय, इथंच, याच बाकावर बसून. ती उठली.

"सर, विजयमाला काटकर हजर नाही. ती बासष्ट सालच्या श्रावणात वारली. तिचं नाव कमी करा. मी तिची बहीण दगडाबाई."

मग ती दाराकडे गेली. आईसमोर उभं राहिल्यावर तिचा आवाज खाली आला. "आये, अकरा वरसं म्या शिकले. मार्क माझं हुतं. तिला दोन म्हयनं मिळालं, तेवढंच तिला येतंय. बाकीची पोरं कुठल्या कुठं गेली, आन्‌ तू तिला अजून पयलीतच बसवून ठिवलीयास. हजेरी दिऊन दिऊन तिचा घसा बसलाय."

राहीबाई रिकाम्या बाकाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "दमली आसंल व्हय गं ती?"

"लय दमली आसंल."

"मला कसं कळलं न्हाई."

कोर्टाच्या आवारात वकिलानं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. माझी थोरली मुलगी विजयमाला ही मयत झाली असून, या शब्दांपाशी राहीबाईनं डोळे मिटले, पण नको म्हणाली नाही. अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकला तर ठसा उठेना. दुष्काळात खडी फोडून बोटांच्या रेघा झिजल्या होत्या, कागदावर नुसता काळा डाग. वकिलानं कागद बदलला. दुसऱ्यांदाही डागच. दगडीच्या मनात आलं, आता ही हात मागे घेणार. राहीबाईनं अंगठा पदराला खसखसून पुसला, स्वतःच शाईत बुडवला आणि सगळा भार टाकून तिसऱ्यांदा दाबला. रेघा उठल्या.

गावाकडं जाणारी दुपारची म्हसवड गाडी फलाटाला लागली होती. राहीबाई आत जाऊन बसली. दगडी खाली खिडकीशी उभी. गाडी सुरू झाल्यावर राहीबाईनं खिडकीतून हात बाहेर काढून लेकीच्या तोंडावरून फिरवला.

"दगडे, भाकरी आजच्या आज खाऊन टाक. आन्‌ शीक आता. तुजं तू शीक."

एवढं बोलून ती खिडकीपासून सरकली आणि बाकाच्या अलीकडच्या टोकाला अंग चोरून बसली. खिडकीकडची जागा रिकामी राहिली. कंडक्टर तिकिटं फाडत तिथवर आला.

"एक फुल, एक हाफ," राहीबाई म्हणाली.

"हाफ कुणाचं, मावशी? पोर कुठं हाय?"

तिनं खिडकीकडच्या जागेवर हात ठेवला. "ही काय हितं. सातवं सरलंय."

कंडक्टरनं एकदा त्या जागेकडे बघितलं, एकदा बाईच्या तोंडाकडे, आणि दोन्ही तिकिटं टोचून तिच्या हातात दिली.